पेन्सिलीतले टक्के

शाळेत मुलं मला पाठीमागे ‘टक्केमास्तर’ म्हणतात. मी प्रवेश-सल्लागार. बारावीची पोरं कॉलेजांची यादी आणतात, मी त्यांच्या मार्कांचे कागद बघतो आणि प्रत्येक कॉलेजापुढे प्रवेशाची शक्यता पेन्सिलीने लिहितो. आकडा मात्र कधी फुगवत नाही. गोडगोड बोलणारे सल्लागार माझ्या डोक्यात जातात.

भाची आली तेव्हा तिच्या यादीत एकच नाव होतं. छोटंसं लिबरल आर्ट्स कॉलेज, गणित आणि चित्रकला एकत्र शिकू देणारं, शंभर अर्जांतले दहाच निवडणारं. तिचे मार्क बघून मी कपाळाला हात लावला. दहावीत चौऱ्याण्णव, अकरावीत एकदम एकसष्ट, बारावीच्या सहामाहीत परत नव्वद.

“ह्या खड्ड्याचं कारण लिहिलंस तर तीस टक्के,” मी म्हणालो. “नाहीतर पाच.”

“नाही लिहिणार. आई माझा अर्ज वाचणार आहे, मामा.”

कारण आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. तिचे वडील ती लहान असतानाच गेले. घरात मायलेकी दोघीच. अकरावीच्या सुरुवातीला डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की माझ्या बहिणीचा आजार बरा होणारा नाही, फार तर दोन-तीन वर्षं. भाची माझ्या मागेच उभी होती. बहिणीला आम्ही ‘हळूहळू उतार पडेल’ एवढंच सांगितलं. मार्क घसरले तेव्हा भाचीने आईला ‘आळस केला’ असं सांगून वर्षभर बोलणी खाल्ली.

पण सल्लागाराचं पत्र कॉलेजला वेगळं जातं, ते मुलांना दिसत नाही. मी त्यात सगळं लिहिलं. भाचीला पत्ता लागू दिला नाही आणि स्वतःवर खूश झालो, खोटं कशाला बोलू?

कॉलेजचं पाकीट आलं त्या दुपारी मी त्यांच्याकडेच होतो. भाचीला ते उघडायचा धीर होईना, म्हणून तिने ते आईकडे दिलं. आत दोन कागद होते. छापील कागदावर प्रवेश मिळाल्याचं होतं. दुसरी हाताने लिहिलेली चिठ्ठी. छोटी कॉलेजं निवडलेल्या मुलांना अशा चार ओळी लिहितात. वीस वर्षं ह्याच कामात घालवूनही मला ही पद्धत पत्र लिहिताना आठवली नव्हती. आता आठवली.

बहीण चिठ्ठी मोठ्याने वाचू लागली. “तुझी चित्रं आम्हाला फार आवडली...” मध्येच ती थांबली, चष्मा सारखा केला, खोकली आणि पुढे वाचलं, “आम्ही तुझी वाट बघतोय.”

भाचीने तिला घट्ट मिठी मारली, रडली, हसली आणि मैत्रिणीला सांगायला खाली पळाली. दार लागल्यावर बहिणीने चिठ्ठी माझ्यापुढे धरली. मधलं वाक्य होतं, ‘आईची सोबत फार दिवसांची नाही हे ठाऊक असूनही तू परत उभी राहिलीस, ह्याचं आम्हाला कौतुक वाटतं.’

“मी तिला आळशी म्हणत राहिले, दादा,” ती म्हणाली. “वर्षभर.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “माझी चूक झाली. मी...”

“ते राहू दे. ही चिठ्ठी तू घेऊन जा. शाळेच्या फायलीला लागते, असं सांग तिला. मला कळलंय हे तिला कळलं, तर ती जायची नाही.”

मी मान डोलावली. तिने माझ्या खिशातली पेन्सिल काढून माझ्या हातात दिली आणि रिकामं पाकीट उलटं करून पुढे सरकवलं.

“चार वर्षांनी तिच्या पदवीदानाला मी असेन, ह्याचे किती टक्के, ते लिही.”

मी पेन्सिल पाकिटावर टेकवली. डोळ्यांतलं पाणी थांबेना. जिन्यावर भाचीची पावलं वाजली, तसं मी घाईघाईने शंभर लिहिलं.

बहिणीने आकडा पाहिला, अंगठ्याने पुसून टाकला आणि दार उघडायला उठली.