वजूचा नळ

मालकाने ते वाक्य बोलायलाच नको होतं. "बहिणीला साबण बदलायला सांग." वर खो-खो हसला. माझी आपा नाल्याकाठी लोकांचे कपडे धुते, आणि नाल्यात मी जिथे प्लंबर होतो त्याच रंगाच्या कारखान्याचं पाणी जातं. तिच्या हातांची सालटी निघाली होती, घास धरवत नव्हता; तेच मालकाला सांगायला गेलो होतो. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. त्याच क्षणी ठरवलं, हेच पाणी याच्या तोंडात घालीन, नाही तर प्लंबर म्हणवून घेणार नाही.

तक्रार करून काय उपयोग? मालकाचा मेहुणा मंत्री. तपासणीचा साहेब चहा पिऊन 'सर्व ठीक' लिहून जायचा. गंमत बघा, शेजारचा कारखाना बँकेच्या व्याजी कर्जावर चालतो, पण त्याचा वर वशिला नाही. म्हणून दंडाच्या धाकाने त्याचं पाणी स्वच्छ! आमचा कारखाना बिनव्याजी, धर्माला मान्य; दारावर तसं प्रमाणपत्र. वार्षिक अहवालात तर मालकाने छापलं होतं, आमचं सांडपाणी इतकं शुद्ध की त्याने वजू करावी, नमाजाआधी हात-तोंड धुवावं.

करावी तर करावी! प्रमाणपत्रावर यंदाची सही करायला धर्माचा निवाडा देणारे मुफ्तीसाहेब यायचे होते, नमाजही इथेच पढायचे. वजूच्या नळाला मी नाल्याकडे जाणारा पाइप जोडून ठेवला.

मुफ्तीसाहेबांनी ओंजळ तोंडाजवळ नेली आणि तिथेच थांबले.

"हे पाणी कुठलं?"

"अहवालात छापलंय ना, तेच," मी म्हणालो.

मालकाचा चेहरा पांढराफटक. "एकदम शुद्ध आहे, मुफ्तीसाहेब!"

"मग आधी तुम्ही चूळ भरा."

इथे मंत्री मेहुणा काय कामाचा? मालकाने चूळ भरली. थुंकावं तर खोटा ठरतो, गिळावं तर जीव जातो. शेवटी भडाभडा ओकला. मुफ्तीसाहेबांनी पेन परत खिशात ठेवलं. मी अदबीने मालकाजवळ गेलो.

"साहेब, साबण बदलून बघा."

नोकरी तिथल्या तिथे गेली. गेली तर गेली. इतका आनंद मला जन्मात झाला नव्हता. घरी येऊन आपाला सगळं नक्कल करून दाखवलं. ती पोट धरधरून हसली. मग हातांवर फुंकर घालत म्हणाली,

"नळ परत होता तसा जोडलास ना रे? संध्याकाळच्या नमाजाला सगळे कामगार तिथेच हात धुतात."

पाना उचलला आणि कारखान्याकडे पळत सुटलो.