सहाव्या दिवसाचं पान

"सहाव्या दिवशी आराम," असं म्हणून रूदीने पेन्सिल कानावर खोचली आणि वही माझ्यापुढे सरकवली.

"आराम तर पाचव्या दिवशीही लिहिलायस."

"पाचव्या दिवशी पोहणं आहे, दारिंका. पोहणं म्हणजे काय आराम असतो का? अंग मोडून येतं."

मी चष्मा लावला. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात बोहिन्यच्या तळ्यावर सात दिवस, सायकली आगगाडीतून सोबत न्यायच्या, एवढं आम्ही नाताळातच ठरवलं होतं. पुढचं काम रूदीचं. आता मार्च उजाडला होता आणि वहीची अकरा पानं भरली होती. तळ्याच्या दक्षिण काठाने सायकल चालवताना कुठल्या वळणावर सावलीचं बाकडं आहे, बेकरी किती वाजता उघडते, धबधब्याकडे जाताना किती पायऱ्या आहेत, सगळं लिहिलेलं. माझंच माहेर, पण एवढी माहिती मलाही नव्हती. बाबांचं घर विकल्यापासून मी तिकडे पाहुणीच होते, आणि आपल्याच गावात भाड्याची खोली घेऊन सुट्टी घालवायची, या कल्पनेने मला गंमतही वाटत होती आणि थोडं परकंही.

अकरा पानांत एक नाव मात्र कुठेच नव्हतं. त्रिग्लाव.

आमच्याकडे पोरगं चालायला लागलं की लोक विचारतात, त्रिग्लावला कधी जाणार? स्लोव्हेनियातल्या त्या सगळ्यात उंच डोंगराच्या माथ्यावर एकदा जाऊन आल्याशिवाय माणूस पुरता स्लोव्हेन होत नाही म्हणतात. पहिल्यांदा वर पोचलेल्याला तिथल्या लोखंडी मनोऱ्याशेजारी ओणवं करून ढुंगणावर दोराचे फटके देतात. मोठा मान असतो तो. मारणारा मात्र आधी वर जाऊन आलेलाच हवा, नाहीतर ते फटके धरत नाहीत.

रूदीने हे फटके कधी खाल्लेच नाहीत. आणि हे गेली बेचाळीस वर्षं मला माहीत आहे, हे त्याला माहीत नव्हतं.

तो सपाटीवरचा, मुरा नदीकाठच्या गावातला. चौतीस वर्षं सायकलवरून घरोघरी विजेचे मीटर तपासले त्याने. त्याच्या सायकलीने पाहिलेला सगळ्यात मोठा चढ म्हणजे कालव्यावरचा पूल. मला मागणी घालायला तो पहिल्यांदा आमच्या घरी आला, तेव्हा बाबांनी शेवयांच्या सूपाची खोलगट बशी त्याच्यापुढे ठेवली आणि विचारलं,

"त्रिग्लाव चढलायस ना, पोरा?"

"हो तर!" रूदी म्हणाला. मग बाबा काहीच बोलेनात, तेव्हा त्याने आणखी पुढची मजल मारली. "गेल्याच वर्षी. सकाळी तळ्यावरून निघालो, जेवायला परत."

खोटं बोल पण रेटून बोल म्हणतात, पण रेटायलाही काही मर्यादा! तळ्यावरून माथा गाठून परत यायला धडधाकट माणसाला दोन दिवस लागतात. मी दारातून बाबांकडे पाहिलं. बाबांनी डाव उचलला, त्याच्या बशीत आणखी सूप वाढलं आणि म्हणाले, "मग भूक लागली असेल." बस. विषय संपला. मला वाटलं, बाबांना नीट ऐकू आलं नसेल.

पुढे दर उन्हाळ्यात बाबा विचारायचे, "काय रूदी, येतोस का वर?" आणि दर उन्हाळ्यात रूदीचा गुडघा दुखायचा. खरं दुखणं वेगळंच होतं. उंचीला त्याची भयंकर भीती. चेरी उतरवतानाही तो शिडीच्या दुसऱ्या पायरीवर थांबतो आणि वरच्या चेऱ्या 'पाखरांच्या वाटणीच्या' म्हणून सोडून देतो. मीही तोंडात मिठाची गुळणी धरली. पण यंदा तो सदुसष्टचा झाला, मी पासष्टची. अजून दोन वर्षांनी पाय नाही म्हणतील. म्हणून माझा जीव त्या सहाव्या दिवसात अडकला होता. मी ढकलून उपयोग नव्हता. त्याने आपण होऊन म्हणायला हवं होतं.

रविवारी नेझा जेवायला आली. आमची नात, एकोणीस वर्षांची, मारिबोरला शिकते. खसखशीच्या केकचा दुसरा तुकडा तोंडात कोंबत तिने वही चाळली.

"आजोबा, हे काय, सहल आहे की इस्पितळ? दोन-दोन दिवस आराम?"

"वय झालं गं आमचं."

"काही नाही झालं. मी पण येतेय. आणि आपण त्रिग्लावला जायचं. माझ्या वर्गात मी एकटीच राहिलेय, लाज वाटते." तिने बोटं चाटली. "आणि मला फटके तुम्हीच मारायचे, आजोबा. दुसऱ्या कुणाच्या हातचे मी घेणार नाही."

रूदीने चमचा खाली ठेवला.

"आजी पण मारेल की," तो म्हणाला.

"आजीचं काय, ती तिथलीच. तुम्ही सपाटीवरून जाऊन चढलात, तेही एका दिवसात! आई सांगते ना नेहमी."

जेवण झाल्यावर तो अंगणात गेला आणि दोन्ही सायकलींत हवा भरत बसला. हवा अगदी ठीक होती. मी खिडकीतून बघत होते. वाटलं, जावं आणि सांगून टाकावं, रूदी, सोड ते, मला सगळं ठाऊक आहे. पण पाय निघाला नाही.

करकोचे परत आले होते, समोरच्या खांबावर घरटं दुरुस्त करत होते. एरवी पहिला करकोचा दिसला की रूदी गावभर सांगत फिरतो. यंदा मान वर केली नाही. बुधवारी मी पीठ मळत असताना तो टेबलाशी येऊन बसला, बराच वेळ लिहीत राहिला, खोडत राहिला. मग वही उघडीच टाकून, "करकोचे बघून येतो," म्हणत बाहेर गेला.

मी हात न धुताच वहीपाशी गेले.

'पाचवा दिवस : पोहणं रद्द. वर चढणे. माथ्याखालच्या विश्रामघरात मुक्काम. वाटाड्याला फोन मी करतो.
सहावा दिवस : त्रिग्लाव. हेल्मेट तीन, कमरेचे पट्टे तीन, दोर एक.
पहिल्यांदा जाणारे : नेझा, रूदी.
फटके मारणार : दारिंका.'

'रूदी' हा शब्द इतक्या वेळा खोडून लिहिला होता की कागद तिथे विरला होता. माझे डोळे भरून आले. पिठाची बोटं त्या पानावर उमटली, ती अजून आहेत.

तो फाटकाशी उभा होता, पाठमोरा.

"वाचलंस?"

"वाचलं. हेल्मेट घेणार कुठून?"

त्याने वळून पाहिलं. "तुला माहीत होतं!"

"सूप निवायच्या आधीपासून."

"बेचाळीस वर्षं? आणि बोलली नाहीस?"

"अरे, एक माणूस माझ्यासाठी अठ्ठावीसशे चौसष्ट मीटर उंच खोटं बोलला. ते खाली कशाला आणू मी?"

तो हसला, पण लगेच त्याचा चेहरा पडला. "त्या पोरीला खोटे फटके कसे मारू, दारिंका? जन्मभर ती म्हणत राहिली असती, मला आजोबांनी मारले म्हणून." मग हळूच म्हणाला, "बरं झालं, तुझ्या बाबांना कळलं नाही. मोठा साधा माणूस होता."

मी आत गेले. चादरींच्या कपाटात तळाशी हात घालून हातभर लांबीचा जुना दोर काढला. गवताचे भारे बांधायचा, एका टोकाला गाठ मारलेला.

"हा बाबांनी शेवटच्या आजारात मला दिला. म्हणाले, रूदी वर जाईल तेव्हाचा आहे. मी विचारलं, कधी जाणार तो? तर म्हणाले, घाई करू नकोस. तो आधी वहीत चढेल, मग पायांनी."

रूदीने दोर हातात घेतला, नाकाशी नेला. त्याला अजून गवताचा वास होता. मग तो हसायला लागला, इतका की करकोचा खांबावरून उडाला, आणि हसता हसता बाहीने डोळे पुसायला लागला. "म्हातारा!" तो म्हणाला. "दर उन्हाळ्यात विचारायचा! दर उन्हाळ्यात!"

ऑगस्टात सगळं वहीबरहुकूम झालं. बेकरी सात वाजताच उघडली, बाकड्यावर सावली होती, चढावर रूदीने सायकल खुशाल हातात धरून ढकलली. पाचव्या दिवशी संध्याकाळी विश्रामघरात त्याने सूपाच्या दोन बशा संपवल्या. सहाव्या दिवशी, दोन्ही बाजूंना दरी असलेल्या त्या धारेवर, लोखंडी तार घट्ट धरून तो वाटाड्याच्या टाचांकडे बघत चालला होता आणि मोठ्याने आपल्या जुन्या फेरीची घरं म्हणत होता. "चौदा नंबर, मीटर जिन्याखाली. पंधरा नंबर, कुत्रं आहे. सोळा नंबर, म्हातारी कॉफी देते..." मागून नेझा हसून हसून बेजार. एकतिसाव्या घरापाशी चढ संपला.

वर वारा होता आणि लखलखीत ऊन. आधी नेझा ओणवी झाली. तीन फटके खाऊन ती किंचाळत नाचली, अनोळखी लोकांनी टाळ्या पिटल्या. मग रूदीने टोपी काढून तिच्या हातात दिली, मनोरा दोन्ही हातांनी धरला आणि वाकला.

पहिला फटका मी हळूच मारला. दुसराही. तिसऱ्याला मात्र हात पुरता मागे नेला.

"आई गं! हा कुणाचा?"

"बाबांचा."

लोक हसले, टाळ्या झाल्या, कुणीतरी दारूची बाटली पुढे केली. रूदी तसाच वाकलेला.

"झालं रे," मी म्हटलं. "ऊठ आता."

"थांब जरा," तो मनोऱ्याला कपाळ टेकून म्हणाला. "त्यांचा आहे. लागू दे."