तिरका मारा

प्रयोगशाळेचे सर नणंदेकडून यंत्राची किल्ली काढून घेणार, हे वहिनीने अख्ख्या कॅन्टीनला सांगून टाकलं होतं. खुद्द नणंदेला ते सगळ्यात शेवटी कळलं, तेही सरांच्या टेबलासमोर.

"तांब्याची पट्टी आरशासारखी घासून दिली होती मी," वहिनी म्हणत होती. "बाईसाहेब यंत्र चालू ठेवून डबा खायला गेल्या. शेवटी मीच बंद केलं. नको तितका वेळ आयनांचा मारा झाला. वाट लागली पट्टीची."

"उद्यापर्यंत थांबा, सर," नणंद एवढंच म्हणाली.

सहा वर्षं ते यंत्र तिच्या हातात होतं. पोलादी डब्यातली हवा उपसायची, आत किंचित आर्गॉन वायू सोडायचा आणि त्याचे आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, धातूवर आपटवायचे. आदळणारा आयन वरचे एकदोन अणू उडवतो, की खालून कोरा धातू निघतो. वहिनी घरात येऊन दोन वर्षं झाली होती, प्रयोगशाळेत येऊन जेमतेम एक. दोन्हीकडे नणंद तिच्या डोळ्यांत खुपायची.

दुसऱ्या दिवशी नणंदेने सरांपुढे तीन फोटो आपटले. अणूंचा उंचसखलपणा दिसेल इतके मोठे केलेले.

"हा तांब्याचा तुकडा मी दुप्पट वेळ ठेवला, मारा सरळ वरून. नुसते खड्डे पडलेत, कसेही. हा दुसरा नेमका वेळ ठेवला, पण तुकडा ठेवायची खालची बैठक तिरकी करून. लाटा बघा, कशा ओळीने उठल्यात. आणि ही वहिनींची पट्टी."

पट्टीवरही लाटाच होत्या. तशाच, ओळीने.

"तिरकं केलं की अणू भराभर उडतात, काम लवकर उरकतं," नणंद म्हणाली. "मी बैठक सरळ ठेवून जेवायला गेले होते, मागे तुम्ही ती कलवलीत. वीस मिनिटं दम निघाला नाही तुम्हाला?"

"आगाऊपणा पुरे," वहिनी फणकारली. "सर, ही घरातही अशीच..."

"घरातलं घरात," सर म्हणाले. "यंत्राजवळ तेव्हा तुमच्याशिवाय कोण होतं?"

वहिनीने दाराकडे पाहिलं, मग खिडकीकडे.

सरांनी किल्ली नणंदेकडे सरकवली.

जिन्यात वहिनीने तिला गाठलं. "घरी चल, मग बघते तुला."

"या ना," नणंद किल्ली ओढणीच्या टोकाला बांधत म्हणाली. "फक्त सरळ या. तिरकं आलात की खुणा राहतात."