काकांच्या डोळ्यांवर काकीचं काजळ

आमच्या काकीला काजळाशिवाय मी एकदाच पाहिलं आहे. मी आठवीत होतो, तिला टायफॉइड झाला होता आणि ती दूध घ्यायला दारात आली. दूधवाल्याने तिच्याकडे पाहिलं, डोक्याचा गमछा काढून हातात घेतला आणि मला हळूच विचारलं, "कब हुआ, भिया?" काका तेव्हा आतल्या खुर्चीवर शेव खात बसले होते. त्यांनी ते ऐकलं. खाणं थांबवलं नाही, पण शेवेचा आवाज बदलला.

हे आधी सांगितलं, कारण २००६च्या उन्हाळ्यात काकांच्या डोक्यात तो दूधवाला परत आला.

काका म्हणजे यशवंतराव. देवासच्या नोटांच्या प्रेसमधून, शाईच्या खात्यातून रिटायर झालेले. इंदूरच्या डॉक्टरांनी त्यांना होळीनंतर बायपास सांगितलं होतं. काका 'हो' म्हणाले नाहीत आणि 'नाही'ही म्हणाले नाहीत. 'बघू' म्हणाले. बघता बघता मे आला. जिना चढताना ते मध्येच थांबून भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले. आम्ही पण थांबायचो. आमच्या घरात त्या वर्षी सगळ्यांना सगळे सण पाठ होते.

अशात एके दिवशी जेवताना सुमंगलाकाकीने जाहीर केलं, की ती पापण्यांवर कायमचं काजळ गोंदवून घेणार आहे. हात थरथरतो, रेघ नीट येत नाही, आता मशीनने करतात.

"कायमचं म्हणजे?" काकांनी विचारलं.

"पुसलं तरी जायचं नाही असं."

"पण पुसणार कोण आहे?"

काकीने वरणाची वाटी त्यांच्यापुढे सरकवली. "जेवा. गार होतंय."

आमच्यात नवरा गेला की घरच्या बायका त्या बाईला मागच्या न्हाणीत नेतात. कुंकू पुसतात, बांगड्या काढतात, मग ओल्या फडक्याने काजळ. हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी बोलत नाही. काकाही बोलले नाहीत. जेवण झाल्यावर मला गच्चीवर बोलावलं. तिथून देवीची टेकरी दिसते, पण ते टेकरीकडे पाठ करून उभे राहिले.

"पियूष, ती तयारी करतेय."

"कसली?"

"माझी. म्हणजे, मी नसल्यानंतरची."

"काका, फॅशन आहे. इंदूरला सगळ्या करून घेतात."

"इंदूरला सगळ्यांचे नवरे चाललेत का?"

घरात विनोद करायचं काम माझ्याकडे आहे. पण काकांच्या ओठांवर घामाचे थेंब होते आणि वारा तर गार होता.

काम धारला करायचं ठरलं. तिथे काकीच्या मामेभावाची सून, कोमल, मुंबईहून कोर्स करून आलेली होती आणि घराच्या पुढच्या खोलीत तिचं पार्लर होतं. इंदूर मध्येच लागतं, पण इंदूरला कुणी ओळखीचं भेटेल अशी काकीला भीती वाटत होती. धारला सगळेच ओळखीचे होते, त्यामुळे तो प्रश्न नव्हता.

काका म्हणाले, "मी पण येणार. शाई मी बघणार."

मी व्हॅन चालवली. काका खोकले की मी ब्रेक मारायचो. मी ब्रेक मारला की त्यांचं छातीवर हात ठेवणं, आणि ते आरशात दिसलं की माझा पाय परत ब्रेकवर. अशा रीतीने आम्ही धारला पोचलो.

कोमल पाया पडली. "आत्यासाहेब, फुफाजी, बसा नं. पियूष भैया, तुम्ही पण बसा, तुमचं तोंड कशाला उतरलंय, तुम्हाला थोडीच टोचायचंय." तिचं मराठी असंच होतं, अर्धं सासरचं, अर्धं हिंदी शाळेचं; फुफाजी म्हणजे आत्याचे यजमान. टेबलावर एक जाड पेनासारखं मशीन होतं. तिने बटण दाबून दाखवलं. पार्लरमध्ये एकच डास आहे आणि तो फार शिकलेला आहे, असा आवाज आला. काकांनी माझ्या मनगटाला धरलं आणि मग आपण घड्याळ बघत होतो असं दाखवलं.

कोमलने काकीची पापणी बोटाने हलकेच वर उचलली. "बघा, ह्या उमरमध्ये कातडी ढिली पडते. जाड काळी रेघ ओढली तर डोळा आत जाईल, बारका दिसेल. आपण पातळ करू, केसांच्या अगदी मुळाशी, आणि बाहेरच्या कोपऱ्यात नखभर वर. खाली फक्त अर्ध्यापर्यंत. आता रंग." तिने दोन छोट्या बाटल्या ठेवल्या. "हा काळा. हा गहरा तपकिरी."

काकांनी दोन्ही बाटल्या उजेडाकडे धरल्या, हलवल्या, परत ठेवल्या. "काळा पुढे निळा पडतो?"

"पडतो कधी कधी, फुफाजी. पण मोठी बात ती नाही. केस काळे असले की काळा चालून जातो. पांढऱ्या केसांखाली काळा केला तर निस्ते डोळेच दिसतात, बाकीचा चेहरा घरी विसरल्यासारखा. पांढऱ्याला तपकिरीच नरम दिसतो." मग तिने सहज विचारलं, "आत्यासाहेब, तुम्ही केस कधीपर्यंत रंगवणार?"

आणि काकीनेही तितकंच सहज सांगितलं, "हे आहेत तोवर."

पंखा फिरत होता. कोमलने काकांकडे पाहिलं. तिचा काही वाईट हेतू नव्हता. कामाचा प्रश्न होता, रंग त्यावर अवलंबून होता.

"फुफाजींची तबियत कशी आहे?"

"बायपास सांगितलंय," काका म्हणाले.

"कधी?"

"बघू."

कोमलने थोडा विचार केला. "मग तपकिरी घ्या."

काका उभे राहिले. त्यांचा चेहरा भिंतीच्या रंगाचा झाला होता आणि भिंत चुन्याची होती. त्यांची जिभेखाली ठेवायची गोळी माझ्या खिशात असायची. मी खिशात हात घातला तर किल्ली आली. परत घातला, रुमाल आला. मला एकदम वाटलं की गोळी देवासलाच राहिली. ती शर्टाच्या खिशात होती. काकांनी ती घेतली नाही.

"काळा घे," ते काकीला म्हणाले. "मी सांगतोय नं, काळा."

"आणि मग?"

"मग काय मग."

काकीने हात मांडीवर ठेवले. थरथर दिसू नये म्हणून ती नेहमी एकावर एक ठेवते. "बाबा गेले तेव्हा मी दुसरीत होते. बायकांनी आईला न्हाणीत नेलं. बाहेर एक बाई आली. डोळेच नव्हते तिला, नुसती दोन ओली भोकं. मी तिला विचारलं, माझी आई कुठंय." ती थांबली. "ती म्हणाली, येईल. ती पण बाहेर जाऊन आईला शोधायला लागली माझ्याबरोबर. तिला सुचलंच नाही दुसरं काही."

कोमलने मशीनचा प्लग काढून ठेवला. का, ते तिलाही माहीत नसावं.

"मला तसं नाही व्हायचं," काकी म्हणाली. "मला माझी ओळख पटली पाहिजे. म्हणून केस पांढरे ठेवीन तेव्हाचा रंग बघतेय. आता काय, तुम्ही आहात, आता मला काहीही शोभतं."

काका खाली बसले.

कोमलने दोन्ही बाटल्या परत पुढे ओढल्या. "लावून बघायला पाहिजे. पांढऱ्या डोक्याखाली कसा दिसतो. आत्यासाहेबांचे तर रंगवलेले आहेत." मग आम्ही तिघांनी खोलीत पांढरं डोकं शोधलं. माझं काळं. कोमलचं तांब्याच्या तारेसारखं. काकांचं डोकं कापसाचं.

"मी?" काका म्हणाले.

"पेन्सिल आहे फुफाजी, सुई नाही."

ज्या माणसाने दोन महिने डॉक्टरला छातीला हात लावू दिला नव्हता, तो माणूस धारच्या पार्लरमध्ये खुर्चीवर मान मागे टाकून बसला. कोमलने सवयीने त्यांच्या गळ्याभोवती पांढरी चादर गुंडाळली. डाव्या डोळ्याला काळी रेघ काढली, उजव्या डोळ्याला तपकिरी. बाहेरच्या कोपऱ्यात नखभर वर. मग खुर्ची आरशाकडे फिरवली, आणि नीट अंदाज यावा म्हणून आपला तळहात त्यांच्या मिशीवर धरला.

आरशात पांढरं लुगडं नेसलेली एक म्हातारी बाई बसली होती. कपाळ रिकामं. डोळ्यांत काजळ.

मी हसायचा प्रयत्न केला. ते माझं कामच होतं. जमलं नाही. काकीने पदर तोंडाशी नेला आणि तिथेच धरला.

काकांनी एक डोळा मिटला, काळ्याने पाहिलं. मग तो मिटला, तपकिरीने पाहिलं. परत काळ्याने. मिशीवर हात असल्यामुळे ते बोलले तेव्हा आवाज दाबलेला आला, आणि म्हणून जास्तच भीती वाटली. ती बाईच बोलत असल्यासारखं.

"ह्या काळ्या बाजूने ती चिडलेली दिसते."

ती, म्हणाले.

"आणि तिकडून?" काकीने विचारलं.

"इकडून एकटी दिसते." त्यांनी आरशाकडे मान पुढे नेली. "पण ओळखू येते."

कोमलने मिशीवरचा हात काढला. काका परत काका झाले, पण पूर्ण नाही. ते आरशातल्या बाईकडे बघतच राहिले. "हिला कोण विचारणार, जेवलीस का म्हणून?" ते म्हणाले. आम्हाला नव्हे, तिलाच. मग माझ्याकडे वळले. "पियूष, इंदूरचा तो डॉक्टर रविवारी बसतो का?"

"बसतो," मी म्हणालो. मला माहीत नव्हतं.

"तपकिरी कर," ते कोमलला म्हणाले.

मलम लावून पापण्या बधिर केल्या. काकी हलली नाही. काका तिचे पाय धरून बसले आणि मशीन सुरू झालं की तेच विव्हळायचे, शेवटी कोमल म्हणाली, "फुफाजी, तुम्हाला पण मलम लावू का?" मी बाहेर जाऊन व्हॅनची टायरं बघितली. ठीक होती. परत बघितली.

परतताना घाटाबिल्लोदला चहाला थांबलो. चहावाल्याने काकीचे सुजलेले डोळे पाहिले, मग काकांचे एक काळा, एक तपकिरी असे रंगवलेले डोळे पाहिले, मग माझ्याकडे वळला. "सब ठीक, भिया?"

"कलर पसंत करने गए थे," मी सांगितलं.

त्याने तीन चहा पुढे सरकवले. काकांनी डोळे पुसले नाहीत. देवासपर्यंत ते तसेच बसून होते.

ऑपरेशन जूनमध्ये झालं. आत नेताना काकांनी कुणाकडेच पाहिलं नाही, छताच्या दिव्यांकडे बघत राहिले, ओठ घट्ट मिटून. काकी बाहेरच्या बाकावर बसून रडली. आयुष्यभर आम्ही तिच्या गालावरच्या काळ्या ओघळांवरून ठरवत आलो, की प्रसंग किती मोठा आहे. आता ओघळच नव्हते. तोंडावर पाणी आणि वर दोन नीट तपकिरी रेघा. मला काहीच अंदाज येईना आणि त्यामुळे मी पहिल्यांदा खरोखर घाबरलो.

"उतरलं का?" तिने विचारलं.

"नाही."

"बरं," ती म्हणाली आणि उरलेलं मोकळेपणाने रडून घेतलं.

डॉक्टर बाहेर आले, बरं आहे म्हणाले, पण ते इतकं पटकन म्हणाले की आमचा विश्वास बसला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्हाला आत सोडलं. काकी हॉस्पिटलच्या धावपळीत महिनाभर केस रंगवायला बसली नव्हती. भांगाच्या दोन्ही बाजूंनी पांढरं वर आलं होतं. आत जाताना नर्सने डोक्याला टोपी घालायला लावली, मग सैल होते म्हणून काढली, आणि टोपीबरोबर टिकलीही गेली. ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

काकांनी डोळे उघडले. समोर पांढरा भांग, रिकामं कपाळ, तपकिरी काजळ. ते बघत राहिले. डोक्याशी असलेलं मशीन घाई करायला लागलं. मग नजर हळूहळू सरकत माझ्यावर आली. नळी काढल्यामुळे घसा बसला होता.

"पियूष," ते कुजबुजले. "कधी झालं?"

काकीने स्टूल पुढे ओढलं. "गेला असतात तर मी आता घरी पाहुण्यांच्या मधोमध असते. इथे बसायला मिळालं असतं का मला?"

काकांना ते पटलं असं दिसलं नाही. तेव्हा काकीने सुई नसलेला त्यांचा हात उचलला आणि त्यांचं बोट आपल्या पापणीवर ठेवलं. तिचा हात थरथरत होता, त्यांचाही, त्यामुळे बोट आपोआपच घासलं गेलं. काकांनी ते बोट डोळ्यांजवळ आणून पाहिलं. काही लागलं नव्हतं. गरम मात्र होतं.

मशीन अजून घाईतच होतं. काका बराच वेळ त्या बोटाकडे बघत राहिले.

"मग काळाच घ्यायला पाहिजे होता," ते म्हणाले, आणि नर्सने त्यांना बोलू नका म्हणून सांगितलं.