नाव घातलेले डबे

साळूबाईंच्या घरात ‘माझं अमुक कुठंय’ अशी आरोळी तीस वर्षांत कधी उठली नव्हती. तीर्थपुरीतल्या त्या गल्लीत इतर घरांमध्ये सकाळ झाली की किल्ली, चष्मा, पाण्याची बाटली नाहीतर एका पायातला मोजा हरवायचा आणि घरभर शोध चालायचा. इथं मोटारसायकलची किल्ली दाराच्या डाव्या खिळ्यावर, मोसंबीच्या बागेतल्या मोटारीच्या पेटीची उजव्या खिळ्यावर, आणि मधल्या खिळ्यावर घडी घातलेल्या पिशव्या. घेतलेली वस्तू जिथली तिथं ठेवायची, बस. एवढ्या एका नेमानं घराचा रोजचा तासभर वाचायचा आणि सकाळी सकाळी कुणाच्या तोंडून वाकडा शब्द निघायचा नाही. ही शिस्त आपण लावली, असं रखमाजी चारचौघांत सांगत. साळूबाईंनी नवऱ्याचा तो समज कधी मोडला नाही. असले समज मोडण्यात वेळ फार जातो आणि हाती काही लागत नाही.

खरा कारभार स्वयंपाकघरात होता. रात्रीच कडधान्य भिजत पडायचं, सकाळच्या भाज्या निवडून ठेवलेल्या असायच्या, गॅसच्या शेगडीच्या उजव्या अंगाला लायटर आणि त्याच्यामागे काडेपेटी. डाळ शिजली की शेवटच्या शिट्टीआधीच गॅस बंद, कारण उरलेलं काम वाफ करते. ओट्याच्या वर दोन फळ्या आणि फळ्यांवर स्टीलचे डबे. हे डबे म्हणजे लग्नापासूनचे आहेर. भांडं आहेरात द्यायचं तर दुकानदार त्याच्यावर ठिपक्याठिपक्यांनी देणाऱ्याचं नाव घालून देतो, तशी प्रत्येकावर नावं. चहापत्तीच्या डब्यावर साळूबाईंचे भाऊ रामराव यांचं नाव, गावासकट, चांगल्या दोन ओळी. साखरेच्या डब्यावर नणंद तुळजाबाई, नुसती पाच अक्षरं. मीठ तेवढं चिनी मातीच्या बरणीत डाव्या हाताला, कारण मीठ स्टीलला खातं. डब्यावरून अंगठा फिरवला की साळूबाईंना आत काय आहे ते कळायचं.

अंगठ्यानं वाचायची पाळी त्यांच्यावर आली होती, हे मात्र घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. तीन-साडेतीन वर्षं झाली, डोळ्यांपुढे ताकाचं पाणी पसरावं तसं व्हायचं. आधी कडेकडेनं, मग मधोमध. आता दारात कुणी उभं राहिलं तर माणूस आहे एवढंच कळे; कोण आहे ते पायांच्या आवाजावरून. सगळ्या वस्तू जागच्या जागी होत्या म्हणून साळूबाईंचं निभत होतं. वीज गेली की घरात सगळे चाचपडायचे आणि साळूबाई तेवढ्या भराभर भाकरी थापायच्या. त्यांना वीज असली काय, नसली काय, सारखंच. सगळे म्हणायचे, काय हात बसलाय बाईंचा.

सांगितलं का नाही, तर तुळजाबाईमुळे. या मोठ्या नणंदेचं, घरातल्या सगळ्यांच्या आक्काचं, सासर राजूरला. पाच वर्षांपूर्वी तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. सुना म्हणाल्या, महिनाभर चुलीपाशी यायचं नाही. महिना सरला, वर्ष सरलं, चूल काही परत तिच्याकडं आली नाही. कुणी छळलं नाही, उलट चहा हातात, जेवण हातात. ती ओसरीवरच्या बाजेवर बसून असते आणि फोन केला की पहिलं एकच विचारते, “साळू, आज भाजी कशाची केली?” आपल्या घरात आज भाजी कशाची हे तिला ताट पुढं आल्यावर कळतं. साळूबाईंना त्या प्रश्नाची भीती वाटायची. डोळे गेले तर गेले, पण त्या बाजेवर आपण बसायचं नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

आणि मग सून शीतलनं डबे बदलले.

शीतल जालन्याची, अंकुशनगरच्या एका शाळेत शिक्षिका. तीन वर्षांपूर्वी तिला बघायला गेले तेव्हा साळूबाईंना समोर पिवळसर धब्ब्यापलीकडं काही दिसलं नव्हतं. पण पोह्याची बशी देताना ती पोरगी हळूच म्हणाली होती, “गरम हाय, सावकाश घ्या.” घरी आल्यावर मुलगी कशी वाटली म्हणून मुलानं, सोमेश्वरनं, विचारलं तेव्हा साळूबाईंनी आवाजाच्या भरवशावर सांगून टाकलं की चांगली आहे. आवाजानं त्यांना फसवलं नव्हतं. शीतल कामाला वाघ होती आणि तिला सासूची माया होती. सकाळी आठला तिची स्कूटी निघायची, म्हणून घरातलं काम आणखी सोपं कसं होईल याचे व्हिडिओ ती फोनवर बघत राहायची. त्यातच तिला सापडलं की सगळ्या बरण्या एकसारख्या घ्याव्यात, पारदर्शक, वर नावाच्या चिठ्ठ्या, म्हणजे एका नजरेत सगळं दिसतं.

एका रविवारी सोळा बरण्या आल्या. गुळगुळीत, एका मापाच्या, एका झाकणाच्या.

“आई, आता तुम्हाला शोधायला लागणार न्हाई,” शीतल आनंदानं म्हणाली. “बघितलं की बराबर सापडतंय. जुने डबे पोत्यात भरलेत मी. बाजाराच्या दिवशी हे नेऊन मोडीत घालतील.”

नको म्हणायला साळूबाईंपाशी एकच कारण होतं आणि तेच सांगायचं नव्हतं. “चांगलं केलं बाई,” त्या म्हणाल्या. नावं घातलेले डबे आणि मिठाची बरणी धान्याच्या कोठीमागं पोत्यात जाऊन पडली.

दुसऱ्या दिवसापासून घराचं गाडं अडलं. साळूबाई एकेक झाकण काढून वास घ्यायच्या, चिमूट जिभेवर ठेवायच्या, पुढची बरणी उघडायच्या. हळद, तिखट वासानं सापडायचं; रवा, साखर, मीठ यांना वास कुठला? ज्या भाजीला वीस मिनिटं लागायची तिला पाऊण तास लागू लागला. शीतलला दोनदा उशीर झाला. सोमेश्वरच्या डब्यात एकदा वरण अळणी गेलं. आणि बुधवारी सकाळी तीस वर्षांत पहिल्यांदा घरात आवाज आला, “माझी किल्ली कुठंय?” रखमाजी ओरडत होते. एक नेम ढिला झाला की बाकीच्यांचीही वीण उसवते. शीतलला वाटलं, आपण विचारल्याशिवाय बरण्या आणल्या म्हणून आई रुसल्यात. ती दोन दिवस गप्प गप्प होती.

शुक्रवारी सुट्टी होती आणि रामराव आले. भाऊ आला की साळूबाईंच्या अंगात उत्साह संचारायचा. घाईघाईनं आधण ठेवलं, पत्ती वासानं सापडली, आणि चिमटीत घेऊन बघायच्या ऐवजी साखर म्हणून चमच्यानंच भरभरून टाकली.

रामरावांनी अख्खा कप प्यायला. बहिणीच्या हातचा चहा, त्यांनी तोंड वाकडं केलं नाही; फक्त पाणी तेवढं दोनदा मागितलं. पण रखमाजींनी पहिल्या घोटालाच कप खाली ठेवला.

“हे काय? चहा हाय का मीठपाणी?” मग जरा मऊ होऊन ते म्हणाले, “वय झालं आता. किती करशील? दे शीतलच्या हाती. आपली आक्का कशी निवांत बसून राह्यली बघ.”

रखमाजी हे प्रेमानंच बोलले. पण एवढी वर्षं ज्या बाजेला त्यांनी चुकवलं होतं, ती त्यांना ओसरीवर मांडलेली दिसली. तेवढं मात्र स्वच्छ दिसलं.

“नाना, बरण्या मी बदलल्या,” आतून शीतल सासऱ्यांना म्हणाली. “चूक माझी हाय.”

दुपारी सगळे पांगल्यावर साळूबाई ओट्यापाशी उभ्या राहिल्या. एक बरणी हातात घेतली आणि अंगठा सवयीनं तिच्यावर फिरू लागला. गुळगुळीत. फिरवली, पुन्हा गुळगुळीत. चिठ्ठीचा कागद लागला, पण शाईला उंचवटा कुठला असणार? तेवढ्यात उंबऱ्याशी पावलं थांबल्याचं त्यांना जाणवलं. शीतल त्या फिरणाऱ्या अंगठ्याकडं बघत होती.

“आई,” ती मग म्हणाली, “ही साडी कशी दिसती मला?”

घाबरलेलं माणूस ऐकायचं विसरतं. साडीची सळसळ आलीच नव्हती, ते साळूबाईंच्या ध्यानात आलं नाही. “छान दिसती की,” त्या म्हणाल्या. “हिरवा रंग खुलतोय तुला.”

“आई, मी ड्रेस घातलाय.”

साळूबाईंनी बरणी खाली ठेवली. पदराला हात पुसला आणि तिथंच भिंतीला टेकून बसल्या. शीतल शेजारी येऊन बसली.

“कधीपासून?”

“तुला बघायला आल्तो तव्हापासून. त्याच्या थोडं आधी.”

“आन कुणालाच न्हाई सांगितलं?”

“सांगून काय करू? आक्कासारखं बाजेवर बसू?” साळूबाई म्हणाल्या. “मला चूल सोडायची न्हाई, शीतल. बाकी काय बी सोडीन. घरात भाजी कशाची करायची हे ज्या बाईला कुणी विचारत न्हाई, ती पाव्हणीच असती.”

शीतलनं समजूत घातली नाही, शपथाही घेतल्या नाहीत. घेतल्या असत्या तर साळूबाईंचा विश्वास बसला नसता. ती उठली, कोठीमागं गेली आणि पोतं फरफटत आणलं. दुसऱ्याच दिवशी बाजार होता. पोत्याची गाठ सोडून तिनं एकेक डबा काढला आणि सासूच्या पुढ्यात मांडला.

“कोणता कुठं होता ते सांगा.”

साळूबाई अंगठा फिरवत सांगत गेल्या आणि शीतल फळीवर ठेवत गेली. मध्येच शीतलनं स्वतःचे डोळे मिटून एका डब्यावर बोट फिरवलं.

“हा रामरावमामांचा?”

“न्हाई गं, हा आक्काचा. मामाचं नाव लांबलचक हाय, बोट थकतं.”

दोघी हसल्या. मिठाची बरणी डाव्या हाताला गेली तेव्हा शीतल म्हणाली, “आई, डोळे दाखवायला जालन्याला जाऊ. ऑपरेशन सांगितलं तर महिनाभर चुलीपाशी जाता येणार न्हाई, ते खरंय. तोवर मी करीन, तुम्ही दारात खुर्ची टाकून सांगायचं. एक डबा हलवणार न्हाई मी.”

“आक्काच्या सुनाबी असंच म्हणल्त्या.”

 शीतलनं दोन्ही फळ्यांवरचे डबे पुन्हा एकदा मोजून सारखे केले.

मोतीबिंदू पिकला होता, डॉक्टर म्हणाले, आधीच यायला पाहिजे होतं. रखमाजी दवाखान्याच्या बाकड्यावर मान खाली घालून बसले होते. त्यांना सारखं आठवत होतं की आपण शिस्तीची फुशारकी मारत होतो. ऑपरेशन उजव्या डोळ्याचं झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी निघाली. शीतल समोर उकिडवी बसली होती, आज मुद्दाम साडी नेसून.

“आता सांगा आई, रंग कोणता?”

साळूबाईंनी साडीकडं बघितलंच नाही. त्या तोंडाकडं बघत होत्या. तीन वर्षं जिच्या हातचं पाणी प्यायल्या, जिचा आवाज उठल्यापासून निजेपर्यंत कानावर होता, ती अशी होती. कपाळ रुंद, भुवया जाड, डोळ्यांखाली जागरणाची काळी वर्तुळं.

“तुझ्या हनुवटीवर तीळ हाय,” त्या म्हणाल्या. “मला कुणी सांगितलं न्हाई.”

“कोण सांगणार? साऱ्यांना वाटलं तुम्हाला दिसून राह्यलंय.”

साळूबाईंनी हात लांब केला आणि अंगठा त्या तिळावरून हळूच फिरवला, दोनदा. शीतलला रडू आलं आणि साळूबाईंनाही आलं असतं. पण डॉक्टरांनी डोळा ओला करू नका म्हणून बजावलं होतं आणि त्या नेमाच्या पक्क्या होत्या.

महिना दारातल्या खुर्चीवर गेला. एकतिसाव्या दिवशी सकाळी साळूबाई खुर्चीवर बसायला आल्या तर खुर्ची तिथं नव्हती. शीतलनं ती ओसरीवर ठेवली होती आणि ती कलथा पुढं करून उभी होती. “कढईत फोडणी टाकली हाय. जल्दी घ्या, मला उशीर झाला,” म्हणाली आणि डाव्या खिळ्याशेजारची स्कूटीची किल्ली घेऊन निघूनही गेली. साळूबाईंनी डोळ्यांनी डबा बघितला, तरी अंगठा नावावरून फिरलाच.

भाजी उतरवल्यावर त्यांनी राजूरला फोन लावला.

“साळू, आज भाजी कशाची केली?” पलीकडून तुळजाबाईनं विचारलं.

“दोडक्याची. पण आक्का, तुम्ही आठ दिवस इकडं राह्यला या. उद्याची भाजी तुम्ही करायची. शीतलला मी सांगितलंय.”

 फोन कटला की काय म्हणून साळूबाईंनी तो कानापासून दूर धरून बघितला. मग तुळजाबाईचा आवाज आला, अगदी हळू.

“मीठ कुठं ठेवती गं तू?”

“डाव्या हाताला, चिनी मातीच्या बरणीत,” साळूबाई म्हणाल्या. “पहिल्यापासून तिथंच हाय.”