पहिल्या धारेचं पाणी

पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळेतल्या बाईंच्या डोळ्यांत धूळ फेकणं सोपं नव्हतं. बालवाडीतल्या एका मुलीच्या रक्तात शिसं सापडलं, तिच्या घरचं पाणी, भिंतींचा रंग, भांडी तपासूनही काही हाती लागलं नाही, तेव्हा डॉक्टरांनी थेट त्यांनाच फोन केला.

बाईंनी बालवाडीची फाइल मागवली. पाच वर्षांचे अहवाल, सगळे निर्दोष.

"आपलं पाणी चोख आहे, मॅडम," इंजिनिअर म्हणाले.

"नमुने कसे घेतले?"

"नळ पाच मिनिटं सोडून. नियमच आहे तसा."

"तो जंतू शोधायचा नियम, साहेब. शिसं पाइपातून उतरतं, पाणी रात्रभर त्यात साचून राहिलं की. नळ सोडून दिला म्हणजे चोराला मागच्या दाराने वाट करून द्यायची आणि मग घराची झडती घ्यायची. मला सोमवारचं पहिल्या धारेचं पाणी हवंय."

"पहिल्या धारेचं म्हटलं की भलतंच काही आठवतं," इंजिनिअर हसले, पण परवानगीवर सही केली.

सोमवारी सकाळी सहाला शिपाईकाकांनी कुलूप काढलं. बाईंनी आधी बाटली धरली, मग तोटी फिरवली. पाच मिनिटांनी दुसरी बाटली भरली आणि निकाल येईपर्यंत नळाला चिकटपट्टी गुंडाळली. दोन्ही बाटल्यांतलं पाणी सारखंच नितळ होतं. दुपारी यंत्राने आकडे दिले. शिसं लिटरमागे दहा मायक्रोग्रॅमपर्यंत चालतं, दुसऱ्या बाटलीत तीन निघालं, पहिलीत चौसष्ट.

रात्रीच्या जेवणाला त्यांनी घरात सांगितलं, तसा सासऱ्यांचा घास हातातच राहिला. चाळीस वर्षं प्लंबिंग केलेला माणूस.

"बालवाडीची खोली म्हणजे जिन्याखालची?"

"हो, बाबा."

"तिथे पूर्वी सामानाची खोली होती. तिथला शिशाचा पाइप मी टाकलाय, सूनबाई."

"तेव्हा सगळेच तसले पाइप वापरायचे," सासूबाई हळूच म्हणाल्या.

"वापरायचे. पण हा मी टाकलाय. नकाशात तो सापडायचा नाही. उद्या मला घेऊन चल."

त्यांची समजूत घालावी म्हणून बाई शब्द जुळवत होत्या, तोवर ते हात धुऊन हत्यारांची पिशवी शोधायला उठलेसुद्धा.

दुसऱ्या दिवशी इंजिनिअरांनी नकाशा पसरला. त्यात लोखंडी पाइप सरळ सिंकखाली येत होता. गवंडी तिथेच घाव घालणार, तेवढ्यात सासरे म्हणाले, "भिंतीचं वाटोळं करायचं असेल तर फोडा तिथे. पाइप हवा असेल तर दोन वीत डावीकडे, गुडघ्याच्या उंचीला."

चौथ्या घावाला करडा पाइप उघडा पडला. सासऱ्यांनी खाली बसून चाकूने त्यावर ओरखडा काढला. आतून चांदीसारखं लखलखलं.

"हाच," ते म्हणाले. "जिन्यापर्यंत गेलाय. एक वीतही आत ठेवू नका."

इंजिनिअरांनी नकाशाची घडी घातली. "काका, असा अजून कुठे टाकला होता?"

"तीन ठिकाणी. लिहून घ्या."

नवा पाइप आठवड्यात बसला. पुढच्या सोमवारी बाईंनी पुन्हा सहाला बाटली धरली. आकडा आला एक. तरी त्यांनी आणखी दोन सोमवार खात्री केली आणि मगच नळ मुलांसाठी उघडू दिला. तीन महिन्यांनी डॉक्टरांचा फोन आला. मुलीच्या रक्तातलं शिसं निम्म्यावर आलं होतं आणि अजून उतरत होतं.

बाईंनी ते सांगायला सासऱ्यांना फोन लावला. ते यादीतल्या दुसऱ्या इमारतीत खुर्ची टाकून बसले होते. "बरं झालं," ते म्हणाले. "आता ठेव. हे लोक पुन्हा चुकीच्या भिंतीला हात घालतायत."