सहभाग समाधानकारक

नव्या रस्त्याचा आराखडा ठरवताना लोकांना कितपत विचारलं, हे तपासायचं काम महापालिकेने एका प्राध्यापिकेला दिलं. त्याच रस्त्यात तिच्या मामाचं शिंप्याचं दुकान जात होतं. तिने ते आधीच सांगून टाकलं. साहेब म्हणाले, "उलट बरंच झालं. तुम्हाला लोकांची नस कळेल."

गल्लीतल्या निम्म्या हरकती मामाने लिहून दिल्या होत्या. गिऱ्हाइकाचं माप घेता घेता तो विचारायचा, "रस्ता शाळेमागून नेला तर किती घरं वाचतील? बोला, लिहितो." नकाशासुद्धा त्याने काढला होता, कापडावर खुणा करायच्या खडूने.

"वाचतील ना गं?" त्याने भाचीला विचारलं.

"वाचावंच लागतं, मामा. नियमच आहे."

दफ्तरात कारकुनाने कपाटावरून गठ्ठा काढून दिला. चारशे बारा पाकिटं. एकही फोडलेलं नव्हतं. आराखडा मात्र 'सर्व हरकतींचा साकल्याने विचार करून' महिन्यापूर्वीच मंजूर झाला होता.

ती तशीच साहेबांच्या खोलीत गेली.

"बाई, तुम्हाला सहभाग मोजायचाय," साहेब शांतपणे म्हणाले. "लोक सभेला आले, त्यांनी लिहिलं, पोच घेतली. झाला सहभाग. वाचणं हा वेगळा विषय."

"मग मी तेच लिहिते. पाकिटं बंद आहेत म्हणून."

"लिहा ना! परिशिष्टात लिहा. अडवलंय कोणी?"

तिने तीन पानी परिशिष्ट लिहिलं आणि त्या भरवशावर मुख्य अहवालावर सही केली. अहवाल छापून आला. 'नागरिकांचा सहभाग : समाधानकारक.' खाली तिची सही. परिशिष्ट नव्हतं. तिने विचारलं, तर छपाईत राहिलं असेल म्हणाले. तिने वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. ते दोन ओळींचं होऊन आतल्या पानावर छापलं गेलं.

दुकान पाडायच्या सकाळी ती गेली. मामा शिलाई मशीन सुटं करून बाहेर काढत होता. भिंतीवर चिकटवलेल्या नोटिशीत तिच्या अहवालाचा हवाला होता, नावानिशी.

"मामा, मी लिहिलं होतं रे. खरंच लिहिलं होतं."

"असेल," तो म्हणाला.

तिने मशीनला हात लावला.

"राहू दे. तेल लागेल तुझ्या हाताला," मामा म्हणाला, आणि शेजारच्या न्हाव्याला त्याने हाक मारली.